डिझेल खाणारे जवाई

आमच्या बैठकीतलं घड्याळ वर्षातून दोन-तीनदा बंद पडायचं. उघडून पाहिलं की आत सेल नसायचा. संपलेला सेल मी समजू शकते; हा नाहीसाच झालेला असायचा. मग मी तुमच्या आजोबांना विचारायची, "सर आले होते का?" आणि आजोबा वर्तमानपत्राच्या मागूनच सांगायचे, "आले होते. चहा घेतला, घड्याळाकडे दोनदा पाहिलं आणि गेले."

हे सर म्हणजे आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागातले प्रयोगशाळा सहायक. कागदोपत्री त्यांचं काम बाटल्या लावण्याचं आणि काचेची भांडी मोजण्याचं होतं. पण प्रयोग बिघडला की प्राध्यापकसुद्धा त्यांच्याकडेच धावत, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. मी त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायची. निवृत्तीनंतर ते फुलचूरला आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायला आले. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर दोन्ही हात पुढे करून म्हणायचे, "घ्या, वास घेऊन पाहा. कोन बाप पोरगी देते या हाताले?"

हाताला खरोखरच डिझेलचा वास यायचा.

सेल त्यांना कशाला लागत, ते सांगते. साध्या सेलच्या पोटात कार्बनची काळी कांडी असते. मातीत वीज सोडायची तर लोखंडाची सळई लवकर झिजते, कार्बनची कांडी टिकते. म्हणून सर गोंदियाभर जुने सेल गोळा करत फिरायचे आणि जुने मिळाले नाहीत तर नवे जुने समजून घ्यायचे. शर्टाचा खिसा कायम काळा. कॉलेजच्या निरोप समारंभात त्यांना शाल दिली, तर शालीची घडी त्यांनी त्याच खिशाला लावून धरली आणि शालीचंही व्हायचं ते झालं.

माझ्या व्हरांड्यात सकाळचं ऊन चांगलं येतं, असं त्यांनी एक दिवस परस्पर ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिथं सहा कुंड्या आल्या. आत काळी, चिकट, वासाची माती. नाक्यावरच्या ट्रक गॅरेजच्या मागची. तिथं वर्षानुवर्षं इंजिनाचं जळकं तेल सांडत आलेलं.

"सर, ही घाण माझ्या व्हरांड्यात?"

"घाण नाही, मॅडम. याच्यात माहे जवाई आहेत."

आपल्याकडे जावयाला जवाई म्हणतात. सरांचे जवाई म्हणजे जिवाणू. त्यांचं म्हणणं असं, की जिथं इतकी वर्षं तेल सांडतं आहे, तिथल्या जिवाणूंपैकी काहींना ते तेल खायची सवय लागलेली असणार. त्यांना वेगळं वाढवायचं, जिथं माती तेलानं बिघडली आहे तिथं सोडायचं आणि मातीतून हलकी वीज फिरवायची. वीज कशाला, असं मी विचारलं. चिकण मातीत पाणी जागचं हलत नाही, आणि पाणी हललं नाही तर जिवाणूंना खतपाणी पोचत नाही. वीज सोडली की मातीतलं पाणी हळूहळू एका कांडीकडून दुसरीकडे सरकतं आणि जाताना सगळ्यांना वाढत जातं. "पंगतीत वाढणारा पायजे का नाही? आमची वीज वाढपी आहे." मी इतकी वर्षं वर्गात उदाहरणं देत आले, पण इतकं नेमकं मला क्वचितच सुचलं असेल.

त्या कुंड्यांना मी अक्षर नीट काढून चिठ्ठ्या लावल्या. खतपाण्याचं प्रमाण लिहिलं. एकदा दया येऊन थोडं गुळाचं पाणीही घातलं. सर त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर रागावले.

"मॅडम, गूळ काऊन घातला?"

"अहो, नुसतं डिझेल काय खातील बिचारे?"

"जवायाले रोज पुरनपोळी वाढली तर तो भाकरीले हात लावते का? आता हे बसतीन गूळ चाटत!"

स्वतः कधी कुणाचा जावई न झालेला हा माणूस जावयांचे स्वभाव इतके बारकाईने जाणून होता, की आजोबांना आठवडाभर हसू आवरेना.

पुढे आजोबा गेले. सर रोज सकाळी येऊन व्हरांड्यात बसायचे, कुंड्यांशी बोलायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. माझं सांत्वन असं त्यांनी केलं नाही. पण घड्याळाचा सेल त्यानंतर वर्षभर कधी गेला नाही.

मग बिरसीच्या रस्त्यावर टँकर उलटला.

सुग्रताबाई तुम्हाला आठवत असेल. तुम्ही लहान असताना तुम्हाला लाह्यांचे लाडू आणून देणारी, आठवड्याला भाजी घेऊन येणारी. तिची एक बांधी त्या रस्त्याला लागून आहे. बांधी म्हणजे चारही बाजूंनी मातीचा धुरा घातलेला धानाचा तुकडा, पाणी धरून ठेवणारा. टँकर नेमका त्या बांधीत आडवा झाला. धान कापून झालेलं होतं, माणूस कुणी दगावलं नाही, पण बांधीचा तिसरा हिस्सा डिझेल प्यायला. ही साधी बांधी नव्हती. विहिरीच्या सगळ्यात जवळ हीच, म्हणून घरच्या सगळ्या शेताचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, दरवर्षी इथंच टाकायचे.

सुग्रताबाई माझ्या पायरीवर बसून रडली. दीर, टेकचंद, म्हणत होता की वीटभट्टीवाला माती न्यायला तयार आहे. हातभर खोल उचलेल, डिझेलचा प्रश्न मिटेल.

"अन् माती गेल्यावर काय रायते, मॅडमबाई? खड्डा. माह्या सासूनं त्या मातीत शेणखत टाकता टाकता कंबर मोडून घेतली. एका दिवसात ट्रॅक्टरवर जाईन ते."

सर कुंड्यांजवळ बसले होते. ते उठले, हात झटकले आणि विचारलं, "दीर घरी केव्हा भेटते?"

टेकचंद हा उंच, थोडं बोलणारा, सरळ माणूस. वाईट मुळीच नाही. त्यानं सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, शेतात करंट सोडता म्हनता. माहा बैल मेला तर?"

"बॅटरीचा करंट आहे बापा. ट्रकच्या दोन बॅटऱ्या अन् माह्या घरावरचं सोलर. त्यानं बैल नाही मरत."

"तुमी म्हनता. बैलाले कुठं मालूम आहे?"

दुसऱ्या दिवशी सरांनी बांधीच्या कोपऱ्यात कांड्या रोवल्या, तारा जोडल्या, चपला काढल्या आणि दोन रांगांच्या मधोमध ओल्या मातीत मांडी घालून बसले. डबा उघडला. वरण, भात, लोणचं. सगळं गाव धुऱ्यावर उभं. बिरसीच्या विमान शाळेची छोटी विमानं डोक्यावर घिरट्या घालत होती. सरांनी भाताचा घास हातात धरून वर पाहिलं आणि म्हणाले, "ते पोट्टे वरतून शिकून रायले, आपुन खालतून शिकू." जेवण झाल्यावर टेकचंदला विचारलं, "आता बैल आनता का?"

"रोवणीपर्यंत," टेकचंद म्हणाला. "पऱ्हे उपटून रोवाची वेळ होईपर्यंत. तोवर धान उगवत असन तर ठीक. नाही तं माती भट्टीवाल्याले. मंग मले कोनी काही बोलाचं नाही. वहिनी, तू पन नाही."

सुग्रताबाईनं मान हलवली. तिच्याकडे दुसरा इलाजच नव्हता.

माझ्या कुंड्यांतली थोडी माती सरांनी बांधीत मिसळली आणि त्या हिवाळ्यात त्यांचा दिनक्रम सगळ्यांना पाठ झाला. सकाळी मोपेडवरून बांधीवर. माती चिमटीत घेऊन वास घ्यायचा, कधी जिभेच्या टोकाला लावायची. कुदळीनं वरची माती हलवायची, हवा मिळावी म्हणून. ठरलेलं खत, ठरलेलं पाणी. आणि संध्याकाळी सहाला खटका उलटा करायचा, म्हणजे वीज आतापर्यंत इकडून तिकडे जात असेल तर आता तिकडून इकडे. एकाच बाजूनं जात राहिली तर एका कांडीजवळची माती आंबट होते, दुसरीजवळची सोड्यासारखी, आणि दोन्हीकडचे जिवाणू मरतात. "एका जवायाचाच मान केला तर दुसरा रुसते," हे त्याचं कारण. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना सर अक्षता शेजाऱ्याच्या हातात देऊन निघून गेले. परत आले तेव्हा पंगत बसली होती. भावानं विचारलं, "कुठं गेला होता गा?" सर म्हणाले, "जवायाकडे." मुलीकडच्या मंडळींना वाटलं, या घरात आणखी एक जावई आहे आणि तो लग्नालाच आलेला नाही. त्यावर बरीच कुजबुज झाली, असं नंतर ऐकलं.

होळीपर्यंत वास निम्म्यावर आला होता. सुग्रताबाई रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांना थांबवून माती हुंगायला लावायची. "घे व, वास घे! आता नुसता ट्रक गेल्यावानी येते. आधी टँकर घरात आल्यावानी ये."

मग सरांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला जावं लागलं. आठ-दहा दिवस. जाताना त्यांनी खटका सुग्रताबाईच्या आणि वही माझ्या ताब्यात दिली. मला विशेष म्हणाले, "मॅडम, तुमच्याइतकं टापटीप कोनी नाही. मले कायची चिंता नाही. फक्त माती वाळू देऊ नका."

मी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोनदा रेघ ओढली.

एप्रिल होता. आपल्या भागातला एप्रिल तुम्ही सुट्टीत अनुभवलेला नाही, ते बरंच आहे. चौथ्या दिवशी मी स्कूटरवरून बांधीवर गेले तर मातीला भेगा पडू लागलेल्या. सुग्रताबाई झारीनं पाणी शिंपून थकली होती. आम्ही दोघी धुऱ्यावर उभ्या राहिलो, एकमेकींकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "मॅडमबाई, सोडू का मोटार?"

आता हे समजून घ्या. धानाच्या मुलखातल्या माणसाला बांधीत पाणी उभं दिसलं की जीव शांत होतो. पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं: धुरा लिंपायचा, पाणी धरायचं, थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. सुग्रताबाईनं धुऱ्याच्या फटी चिखलानं बुजवल्या आणि काठोकाठ पाणी भरलं. संध्याकाळच्या उन्हात बांधी आरशासारखी चमकली. विमान त्यात उलटं दिसलं. मी वहीत लिहिलं: "पाणी भरपूर. अतिशय समाधानकारक."

पुढचे तीन दिवस आम्ही तेच केलं. पाणी जरा उतरलं की पुन्हा मोटार. वहीत एकूण चार वेळा "अतिशय समाधानकारक".

सर आले ते काळा चष्मा लावून. मोपेड चालवायला मनाई होती, म्हणून माझ्या स्कूटरवर मागे बसून. बांधी शंभर पावलांवर असतानाच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांबा मॅडम. हा वास कायचा?"

मलाही तेव्हा कळलं. वास डिझेलचा नव्हता. सडक्या अंड्याचा होता.

सर धुऱ्यावर उभे राहिले. सुग्रताबाई हसत पुढे आली, "सर, पाहा! थेंबभर पन वाळू नाही देलं." सरांनी वही मागितली. पानं उलटली. चष्मा वर करून "अतिशय समाधानकारक" चारदा वाचलं. आणि धुऱ्यावर बसून, पोट धरून, डोळ्यांना हात लावायची मनाई असल्यामुळे पाणी तसंच गालांवर वाहू देत हसत सुटले.

"बुडवले! दोघीनं मिळून जवाई बुडवले!"

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या जिवाणूंना ओल पाहिजे, पण हवाही पाहिजे. पिळलेल्या फडक्याइतकी ओल. पाणी उभं राहिलं की हवा कोंडते, तेल खाणारे गुदमरतात आणि दुसरेच कुणी कुजवणारे माजतात. "चूक तुमची नाही," हसू आवरत ते म्हणाले. "मी स्वतः धानवाल्याचा पोरगा. सौंदडले बापानं पानी धराले शिकवलं. धानवाल्याले 'वाळू देऊ नका' सांगून जातो, मी तं गाढवच."

सुग्रताबाई हसली नाही. ती चिखलात उतरली आणि नुसती उभी राहिली. टेकचंद मागे येऊन थांबला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"धुरा फोडू का?" त्यानं विचारलं.

"नको. खालची बांधी शेजाऱ्याची आहे. डिझेलचं पानी त्याच्या मातीत जाईन," सर म्हणाले. "वरचं ऊन नेईन. आतलं आपुन काढू."

"आतलं कसं काढता?"

"वाढप्याले पंगतीतून पानी भराले लावू."

वाढपी म्हणजे वीज, एवढं मला समजलं; बाकीच्यांना तेही नाही. चार दिवसांत उभं पाणी उन्हानं नेलं. राहिला तो लोण्यासारखा चिखल. सरांनी एका रांगेतल्या कांड्यांभोवती भोकं पाडलेले पाइप उभे पुरले आणि खटका काही दिवस उलटायचा नाही, असं सांगितलं. वीज एकाच बाजूला. सकाळी सुग्रताबाईनं पहिल्या पाइपात वाकून पाहिलं आणि ओरडली. पाइप अर्धा भरला होता. न पंप, न मोटार, चिखलातलं पाणी आपल्या पायांनी चालत येऊन पाइपात जमलं होतं.

दोन दिवसांत अर्धं गाव पाहायला आलं. म्हाताऱ्या बायका पाइपाला हात जोडू लागल्या, तेव्हा सरांनी त्यांच्या हातात टमरेल दिलं. "हात जोडू नका व बाई, उपसा!" रोज सकाळी बायका पाइप उपसायच्या, पाणी रस्त्याच्या कडेला प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात वाळत घालायच्या आणि सरांना चिडवायच्या.

"सर, लगन नाही केलं अन् एवढे जवाई कुठून आले?"

"तुमच्याच गावानं पाठवले. तुमाले सांभाळता आले नाही म्हनून!"

चिखल थोडा सुकल्यावर सगळ्यांनी कुदळी घेतल्या. माझ्या व्हरांड्यातल्या सहाही कुंड्या बांधीत रिकाम्या झाल्या. मीसुद्धा साडी खोचून एक वाफा खणला आणि वहीत त्याची नोंद केली, पण कुठलाही शेरा न मारता.

मे संपेपर्यंत सर मातीत चिन्नोर धानाचे दाणे टाकून पाहायचे. पहिल्या खेपेला एकही उगवला नाही. दुसऱ्या खेपेला काही पिवळे कोंब आले आणि मान टाकून पडले. सुग्रताबाई त्या दिवशी माझ्याकडे भाजी घेऊन आली, पैसे घेतले, पाणी प्यायली आणि निघून गेली. तिसऱ्या खेपेला सरांनी मूठभर माती माझ्यासमोर टेबलावर ठेवली. आत गांडूळ होतं. बोटभर, गुलाबी, अतिशय नाराज. "मॅडम, हे आपखुशीनं आलं. मी नाही आनलं." गांडुळाला पाहून मी आनंदानं टाळी वाजवली आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांना खोटं वाटेल.

पऱ्हे टाकायची वेळ आली. टेकचंदनं स्वतः बी फेकलं, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. बारा-पंधरा दिवसांनी सर, सुग्रताबाई आणि मी गेलो; टेकचंद आधीच तिथं होता. चांगल्या भागातले पऱ्हे गर्द हिरवे, वीतभर. डिझेलच्या भागातले त्याहून आखूड आणि जरा फिके, पण दाट. वाऱ्यावर डुलत होते. फक्त एका कोपऱ्यात, जिथं टँकरचं तोंड टेकलं होतं, तिथं खाटेएवढी जागा टक्कल राहिली होती.

सर सरळ त्या टकलाकडे गेले. बाकीच्या हिरव्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. उकिडवे बसून माती चाचपडत राहिले. "इथं जास्त झिरपलं. इथं माहा अंदाज चुकला," असं काहीतरी पुटपुटत होते.

तेवढ्यात रस्त्यावर ट्रॅक्टर येऊन थांबला. वीटभट्टीवाला. कोणत्या दिवशी यायचं ते टेकचंदनंच हिवाळ्यात ठरवलं होतं. आणि टेकचंद शब्दाचा पक्का. सुग्रताबाईनं माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

टेकचंद फिक्या पऱ्ह्यांत उतरला. मधोमध जाऊन एक मूठ उपटली, मुळं पाण्यात खळबळून धुतली, नाकाशी नेली. मग एक मूळ तोडून दातांखाली धरलं, चावलं आणि थुंकलं.

"भैया, माती उठाना है ना?" भट्टीवाल्यानं रस्त्यावरून हाक दिली. "मजूर साथ में लाया हूँ."

"नाही भेटत," टेकचंद म्हणाला.

"क्यों? बात तो पक्की थी."

"पेरली आहे."

भट्टीवाल्यानं बांधीवरून नजर फिरवली. व्यापारी माणूस, रिकामा कसा जाईल? त्यानं टक्कल जागेकडे बोट केलं. "अच्छा, तो वो कोना? उसमें तो कुछ नहीं है. उतना ही दे दो."

टेकचंदनं मान वळवून पाहिलं. सर तिथंच पाठमोरे उकिडवे बसले होते, कोपरापर्यंत हात मातीत.

"ते नाही देता येत," टेकचंद म्हणाला. "ते सरची आहे."